घेण्यास नकार

"दहाच्या पुढं अकरा यायला पाहिजे का नको?" मी भर रस्त्यात उभा राहून विचारलं.

"यायला पाहिजे," केंजळे मास्तर म्हणाला.

"मग हे चार कुठनं उपटलं?"

मास्तरानं भिंतीवरची निळी पाटी पाहिली, मग हातातलं होकायंत्र पाहिलं आणि म्हणाला, "आपण ईशान्येला तोंड करून उभे आहोत, एवढं नक्की."

"ईशान्येला काय चाटायचंय? मला चौदा नंबरचं घर पाहिजे."

टोकियो शहर, यानाका नावाचा भाग, नोव्हेंबरातली सकाळ. साल एकोणीसशे नव्याण्णव. आम्ही दोघंही साठी ओलांडलेले. मी भिकाजी शेलार, वाईच्या पोस्टातून आदल्याच वर्षी रिटायर झालेला पोस्टमन. छत्तीस वर्षांत गंगापुरीपासून सोनगीरवाडीपर्यंत एक घर असं नव्हतं, ज्याचा उंबरा मला ठाऊक नाही. अर्धवट पत्त्याची पत्रं दुसरे पोस्टमन माझ्याकडे आणून टाकायचे. "मु. पो. वाई, बाळूच्या आईस मिळे" एवढ्यावर मी पत्र पोचवलेलं आहे, आणि त्या काळात वाईत बाळू काही थोडे नव्हते. असा मी, जपानात एका गल्लीत गेल्या दीड तासापासून गोल गोल फिरत होतो. गर्वाचं घर खाली म्हणतात ते खोटं नाही.

आणि माझ्याबरोबर हा रंगनाथ केंजळे. हायस्कुलात चौतीस वर्षं भूगोल शिकवला. होन्शू, होक्काइडो, क्यूशू, शिकोकू ही चार बेटं त्यानं वाईच्या तीन पिढ्यांकडून घोकून घेतली, पण स्वतः पुण्याच्या पुढं कधी गेला नाही. आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलेले, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचो, पण हाक मात्र 'मास्तर'च. त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली. अजूनही मनातल्या मनात त्याच्याशी भांडतो तेव्हा मी मास्तरच म्हणतो.

टूर पुण्याच्या एका कंपनीची होती, आठ दिवसांची. त्या दिवशी सगळ्यांना मोकळीक होती. बाकीची मंडळी कॅमेरे आणि टेपरेकॉर्डर घ्यायला बाजारात पळाली. टूरबरोबरचे बर्वे म्हणाले, "पाच वाजता हॉटेलवर. उद्या सकाळी विमान आहे, कुणासाठी थांबणार नाही." आम्ही दोघं हॉटेलातून निघालो ते चालतच. गाडीत बसलं की पत्ता समजत नाही, असं माझं मत. मोठी बाग ओलांडली, कमळांच्या वाळक्या देठांनी भरलेलं तळं ओलांडलं आणि उंच इमारती मागं पडल्या. बैठी लाकडी घरं, दारात फुलांच्या कुंड्या, कुंपणावरनं डोकावणारी टोमॅटोच्या रंगाची फळं. म्हाताऱ्या बायका दारापुढचा रस्ता झाडत होत्या. "हे तर आपल्यासारखंच आहे रे," असं मास्तर चार वेळा म्हणाला.

पण आम्ही काही शहर बघायला आलो नव्हतो. आम्ही वसुधाला शोधायला आलो होतो.

वसुधा मास्तराची एकुलती एक. ती सात वर्षांची असताना तिची आई गेली. मास्तरानं दुसरं लग्न केलं नाही, पोरीला एकट्यानं वाढवलं, वेण्यासुद्धा घालायला शिकला. ती पुण्याला गेली, जपानी भाषा शिकली, भाषांतराच्या नोकरीवर टोकियोला आली. मास्तर गावभर सांगत फिरायचा. दोन वर्षांनी तिचं पत्र आलं की इशिदा नावाच्या मुलाशी लग्न करतेय, अप्पा, तुम्ही या. मास्तर गेला नाही. "मला विचारलं नाही, कळवलं," एवढंच म्हणाला आणि ते पत्र त्यानं चुलीत घातलं.

त्यानंतर वसुधाची पत्रं यायला लागली. वर्षाला तीन. घरात फोन घ्यायचा नाही हा मास्तराचा जुना हट्ट, त्यामुळे तिला दुसरा मार्गच नव्हता. मी पाकीट घेऊन ओट्यापाशी जायचो. मास्तर ते हातात घ्यायचा, दोन्ही बाजूंनी बघायचा आणि परत माझ्यापुढं धरायचा.

"नकार लिही."

"आरं, एकदा वाच तरी."

"भिकू, तू पोस्टमन आहेस. पत्तेदार नको म्हणाला तर नियम काय आहे?"

नियम मला चांगला माहीत होता. मी पाकिटावर शेरा लिहायचो, 'घेण्यास नकार', खाली इंग्रजीत 'रिफ्यूज्ड', सही, तारीख. असं एकदा नाही, अकरा वेळा. त्या अकरा पाकिटांच्या मागं पाठवणाराचा पत्ता होता. तो मी कुठं टिपून ठेवला नव्हता, पण तीन, आठ, चौदा, यानाका हे मला आपल्या घरच्या पत्त्यासारखं पाठ झालं होतं. त्यात रस्त्याचं नाव नसायचं. चार वर्षं मला वाटत होतं की घाईत पोरगी गल्ली लिहायला विसरते.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यापासून पत्र यायचं थांबलं. त्याच सुमारास मी रिटायर झालो.  सहा महिन्यांनी एका संध्याकाळी घाटावर बसलो असताना मास्तर मला म्हणाला, "तुझ्या जागेवर आलेला तो नवा पोस्टमन, पत्रं नीट वाटतो का रे? हरवत तर नाही?" मी समजलो. आणखी चार महिन्यांनी त्यानं माझ्यासमोर टूरचा कागद ठेवला. दोघांची नावं घालून मोकळा झाला होता.

"आधी तिला पत्र टाक," मी म्हणालो होतो.

"आणि ते परत आलं तर?" मास्तर म्हणाला. "तिनं घेतलं नाही तर?"

 त्याचं औषध त्यालाच कडू लागत होतं.

तर आम्ही त्या गल्लीत. आठ-नऊ सापडलं, आठ-दहा सापडलं. पलीकडच्या बाजूला गेलो की तिथं बारा-चार. आपल्याकडं एका अंगाला सम, दुसऱ्या अंगाला विषम, किंवा मग सरळ ओळीनं. मी रस्त्याचा नियम लावत होतो आणि नंबर मला दाद देत नव्हते. एका आजीबाईला विचारलं, तिनं कमरेत वाकून नमस्कार केला आणि जपानीत पुष्कळ काही सांगितलं. आम्हीही वाकून नमस्कार केला. पुन्हा तिनं केला. हे चांगलं तीन वेळा झालं आणि आम्ही होतो तिथंच राहिलो.

साडेबारा वाजले. एका देवळाच्या पायरीवर मास्तर बसला. बूट काढून पाय चोळायला लागला. मी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यानं घेतली नाही.

"भिकू, परत जाऊ."

"का? दमलास?"

"दमलो नाही. सापडत नाही तेच बरं आहे." तो पायाकडंच बघत होता. "समज, सापडलं घर. दार उघडलं तिनं. मी काय म्हणू? अकरा पत्रं मी तोंडावर फेकली तिच्या. ती कशाला मला घरात घेईल? तिच्या जागी मी असतो तर घेतलं नसतं."

"तू घेतलं नसतंस, ते म्या अकरा बारी बघितलंय."

"मग?"

"मग काय मग? आरं, दरवाजा तोंडावर लावला तर लावला! तेवढ्यानं मरत न्हाईस तू." माझा आवाज चढला. देवळातला एक माणूस झाडू थांबवून आमच्याकडं बघायला लागला. "तुझा हुकूम, पन अक्षर माझं हाय त्या पाकिटांवर. तिला लहानपणी खांद्यावर घेऊन बावधनच्या बगाडाच्या जत्रेला नेली मी. त्याच हातानं नकार लिहिला. नियम, नियम करत लिहिला. एकदा तरी म्हनायला पायजे हुतं, न्हाई लिहीत, जा, काय करायचं ते कर. न्हाई म्हनलो. तवा मला बी तिच्याम्होरं उभं ऱ्हायचंय. तुला यायचं नसंल तर बस हितं होकायंत्र घेऊन."

मास्तर माझ्याकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला असं कधी बोललो नव्हतो. मग त्यानं बूट चढवले. नाडीची गाठ त्याच्याकडून दोनदा सुटली, तेव्हा मला वाईट वाटलं, पण शब्द मागं घेतले नाहीत.

कोपऱ्यावर आलो आणि मला लाल मोटरसायकल दिसली. मागं लाल पेटी. शेजारी चाळिशीतला एक माणूस उभा, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, अंगठ्यानं एकेक पाकीट पुढं सरकवत. जगात कुठंही जा, पोस्टमन ओळखायला मला टोपी लागत नाही. गठ्ठा त्यानं घरांच्या क्रमानं लावला होता, अगदी आम्ही लावायचो तसा.

मी त्याच्यापुढं जाऊन ताठ उभा राहिलो. छातीवर हात ठेवून म्हणालो, "पोस्टमन. इंडिया." मग हवेत थैली खांद्याला अडकवली, सायकलची घंटी वाजवली, पाकीट दाराच्या फटीतून सरकवलं. मास्तर म्हणाला, "भिकू, तमाशा पुरे." पण त्या माणसाचा चेहरा उजळला. त्यानं टोपी काढली आणि मला वाकून नमस्कार केला. साधासुधा नाही, चांगला खोल.

मी आठवणीनं चिठ्ठीवर लिहिलेला पत्ता दाखवला. आणि दोन्ही हात पसरून विचारलं, रस्ता? रस्त्याचं नाव काय?

त्यानं मान हलवली. खिशातून पेन काढलं, माझ्याच चिठ्ठीवर एक चौकोन काढला. चौकोनात आठ लिहिलं. मग चौकोनाच्या कडेकडेनं, घड्याळाच्या काट्यासारखं फिरत एक, दोन, तीन, चार. शेजारी दुसरा चौकोन, त्यात बारा. दोन चौकोनांमधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं आणि हात हलवून दाखवलं, काही नाही. रस्त्याला नावच नाही. नाव आणि नंबर घरांच्या चौकोनाला. रस्ता म्हणजे नुसती उरलेली जागा.

मी कपाळावर हात मारून घेतला. दहा नंबरच्या घरावरून कोपरा वळायचा होता आणि आम्ही दर वेळी सरळ रस्ता ओलांडून परक्या चौकोनात शिरत होतो. आणि चार वर्षं मी त्या पोरीला विसराळू समजत होतो.

तो मोटरसायकल हातानं ढकलत आमच्या पुढं चालायला लागला. कोपरा वळला, अकरा. बारा. तेरा. एका लहानशा दुमजली घरापाशी थांबला. नावाच्या पाटीवर बोट ठेवून म्हणाला, "इशिदा-सान." आणि त्यानं माझ्याकडं बघून घंटीकडं हात केला. पत्ता आणून दिला, पुढचं तुमचं. हेही अगदी आमच्यासारखंच.

मास्तर घंटी दाबेना. मीच दाबली.

दार उघडलं ते वसुधानं. केस आखूड कापलेले, चष्मा लागलेला, पण हनुवटी थेट आईची. तिनं मास्तराकडं पाहिलं. मग माझ्याकडं, मग पुन्हा मास्तराकडं.  एकदम वळली आणि आत निघून गेली.

दार उघडंच होतं. मास्तर उंबऱ्याबाहेर उभा. मी त्याच्या दंडाला धरलं.

"बघितलंस?" तो हळूच म्हणाला. "चल."

तेवढ्यात ती परत आली. हातात सपातांचे दोन जोड. ते तिनं खाली ठेवले, आमचे पाय सरळ आत जातील असे, नीट जुळवून. ते करताना तिचे डोळे भरून वाहत होते.

"बूट तिथंच काढा, अप्पा," ती म्हणाली. "खाली गार लागतं. भिकूकाका, तुम्हीपण."

आत खोली लहानशी, चटयांची. वसुधानं चहा केला. हिरवा नाही, आपला, दूध-साखर घालून. नवरा कामावर गेला होता.  मास्तर कप दोन्ही हातांत धरून बसला होता आणि त्यातला चहा तसाच होता. शेवटी मलाच राहवेना.

"पोरी, त्या पाकिटांवर अक्षर माझं हाय," मी म्हणालो. "मला माफ कर."

"माहीत आहे, काका. तुमचं अक्षर मी ओळखणार नाही का?" ती उठली आणि कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण काढलं. आत माझे अकरा शेरे, एकाखाली एक, तारखेवार लावलेले. पाकिटं बंद होती.

मास्तरानं कप खाली ठेवला. "मी... फोडू का?"

"तुमच्याच नावाची आहेत."

त्यानं पहिलं फोडलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. वाचली नाहीत, छातीशी धरली आणि बाजूला ठेवली. दुसरं, तीन पानं. तिसरं, दीड पान. चौथं फोडलं. आतून एकच कागद निघाला. मास्तरानं तो उलटून पाहिला, उजेडाकडं धरला. कोरा होता. पाचवं फोडलं, कोरा. सहावं, कोरा. मग तो घाईघाईनं एकामागून एक फोडत सुटला. अकराव्यापर्यंत सगळे कोरे.

"वसू, यात काही नाही."

"नाही."

"चुकून राहिलं का लिहायचं?"

"चुकून कसं राहील, अप्पा?" ती रडत नव्हती आता. "तीन पत्रं तशीच परत आली, तेव्हा मी ओळखलं, तुम्ही वाचणार नाही. मग कोणासाठी लिहायचं? पण पाकीट परत आलं की त्यावर काकांचा शेरा असायचा. घेण्यास नकार. नकार द्यायला माणूस घरात लागतो ना? म्हणजे अप्पा आहेत. ओट्यावर येऊन बसताहेत. अजून रागावताहेत, म्हणजे तब्येत बरी आहे. मला दुसरं कोण कळवणार होतं तुमचं? चार महिन्यांनी मी कोरा कागद घालायची आणि पाकीट टाकायची. ते परत आलं की त्या रात्री मला झोप लागायची."

 छत्तीस वर्षांत मी हजार शेरे लिहिले असतील. दार बंद, पत्ता अपुरा, गाव सोडून गेले. त्याच पेनानं 'मयत' असंही कितीदा लिहिलंय. एकेक शब्द, तारीख, सही, की पुढचं पाकीट. ते परत जाऊन कोणाच्या हातात पडतात आणि तिथं काय होतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"मग बंद का केलीस?" मास्तरानं विचारलं. आवाज फुटला होता. "मी रोज... वसू, पत्र यायचं तेव्हा कळायचं की तू आहेस. घेतलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते मला येत नव्हतं. पण यायचं तर. दीड वर्ष काही नाही. मला वाटलं, तिकडं तुला काही..." 

वसुधानं फोडलेली पाकिटं गोळा करून एकावर एक रचली.

"तुम्हाला साठ पूर्ण झाली त्या वर्षी," ती म्हणाली. "आजोबा एकसष्टी न बघता गेले, मोठे काकाही तसेच. पाकीट तयार होतं. तिकीट लावून पोस्टापर्यंत गेले, आणि मनात आलं, या वेळी दुसराच शेरा आला तर? टाकलंच नाही तर येणारही नाही. तशीच परत आले. मग दर खेपेला जायची आणि परत यायची."

डब्याच्या तळाशी आणखी एक पाकीट होतं. त्यावर तिकीट होतं, पण शिक्का नव्हता. तिनं ते काढलं आणि मास्तराला न देता माझ्यापुढं धरलं.

"काका, हे तुम्ही द्या."

रिटायर होऊन मला दीड वर्ष झालं होतं. तरी मी सवयीनं पत्ता वाचला. रंगनाथ केंजळे, गंगापुरी, वाई, जिल्हा सातारा. मग गुडघ्यावर सरकत मास्तरापुढं गेलो आणि पाकीट धरलं. शेरा काय लिहू, असं विचारायला माझी जीभ वळली नाही.

मास्तरानं ते दोन्ही हातांनी घेतलं.

आत कोरा कागद आहे हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मास्तरानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि बराच वेळ वाचत बसला.